जीए किती पीपीएम घेता, दादा?

पत्र :

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय 68. अडीच एकर बाग, एकरभर ऊस. मुलगा पुण्यात नोकरीला, नात नववीत. परीक्षा संपवून ती एप्रिलमध्ये गावी आली होती. यंदा ऊसतोड उशिरा मिळाली, म्हणून पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, तेव्हा पेटवलं. पोरीने बांधावरून व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'आबा पृथ्वीला ताप आणतात'. सगळे हसले. मला राग आला. रात्री जेवताना म्हणालो, "तुझी शाळा खोटं शिकवते. दुर्गादेवीच्या दुष्काळात कुठं मोटारी होत्या? हवेत तो कार्बन किती, तर शंभर रुपयांत चार पैसे. उद्याचा पाऊस सांगता येत नाही ते पन्नास वर्षांनंतरचं सांगतात. हिमालय 2035 ला वितळणार म्हणाले आणि नंतर चूक झाली म्हणाले. गोऱ्यांनी दीडशे वर्षं कोळसा जाळला आणि आता माझ्या पाचटावर डोळा." पोर ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर गेली. बेदाण्याचा डबा देव्हाऱ्याजवळ तसाच राहिला. विसरली की ठेवून गेली, समजत नाही. फोनवर नुसतं 'हं' म्हणते. मुलगा म्हणतो, तिची माफी मागा. माझं चुकलं कुठं? आणि हे सगळं माणसामुळं होतंय हे खरंच सिद्ध झालंय का? तुम्ही शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा, म्हणून विचारतो. गोलगोल उत्तर नको.

— एक बागायतदार

उत्तर :

दादा, नमस्कार.

गोलगोल नको म्हणालात, म्हणून उत्तर आधी देते. होय, सिद्ध झालंय. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वी जी तापली, ती जवळजवळ सगळी माणसामुळे : मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्यामुळे, शिवाय जंगलं तोडल्यामुळे. आणि तुमचं चुकलं ते एका वाक्यात : 'तुझी शाळा खोटं शिकवते.' बाकी जे बोललात त्यातलं काही चूक, काही बरोबर. आणि जे बरोबर आहे तेच रागाच्या भरात तुम्ही सर्वांत वाईट मांडलंत.

शंका घेतलीत याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. औषधाच्या दुकानदाराने सांगितलेलं सगळं फवारलं असतं तर तुमची बाग आज उभी नसती, आणि बागेआधी तुम्ही. शंका घ्यायची सवय असलेला माणूसच शेतीत टिकतो. फक्त तुम्ही दुकानदाराला जसे चार उलटे प्रश्न विचारता, तसे आपल्या शंकेलाही विचारावेत, एवढंच माझं म्हणणं.

दुर्गादेवीपासून सुरू करते. तो दुष्काळ 1396 पासून पुढे बारा वर्षं चालला असं सांगतात, आणि तेव्हा मोटारी नव्हत्या हे अगदी खरं. 1876 चाही दुष्काळ मोटारींशिवायच पडला. 72 चा तर तुम्ही अंगावर काढलाय. पण आपल्याकडे वीज पडून कडब्याच्या गंजी पूर्वापार पेटत आल्या आहेत, म्हणून कोणी विडी टाकून गंजी पेटवलीच नसेल असं तुम्ही म्हणाल का? पंचनाम्याला आलेला माणूस त्या रात्री आभाळ होतं का, वीज झाली का, विडीचं थोटूक कुठे सापडलं, हे बघतो. शास्त्रज्ञांनी तेच केलंय. पूर्वी हवामान का बदललं याची कारणं त्यांनीच शोधून काढली आहेत, आपल्याला ती त्यांच्याकडूनच कळली. पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वाटेत आणि तिच्या कलण्यात हजारो वर्षांनी थोडा थोडा फरक पडतो, त्यातून हिमयुगं आली-गेली. त्या हिशेबाने बघायला गेलं तर सध्या पृथ्वी अगदी सावकाश गार व्हायला हवी होती. शेवटचं हिमयुग सरताना चार-सहा अंश तापायला दहा हजार वर्षांच्या आसपास लागली. आपण दीडशे वर्षांत एक अंश ओलांडून बसलो. 2024 हे वर्ष तर 1850 ते 1900 या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त तापलेलं होतं.

'पूर्वीही झालं होतं' या वाक्याने माझंही एकदा नुकसान केलंय, ते सांगते. मी सांगलीच्या गावभागात राहते. 2005 च्या पुरात पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी जवळपास 54 फुटांवर गेली होती. आमच्या यजमानांनी भिंतीवर खिळ्याने रेघ मारून ठेवली होती, आणि ती रेघ आमच्या घरात देवाच्या टाकासारखी झाली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये भोंगा फिरला, शेजारच्या पोरांनी येऊन सांगितलं, "बाई, वर न्या सामान." मी म्हणाले, "अरे, 2005 ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं." मी चहा ठेवला. पुस्तकांची दोन कपाटं जमिनीवर तशीच. त्या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. साडेतीन-पावणेचार फूट म्हणजे किती, हे घरात उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. तीस वर्षांच्या माझ्या टाचणवह्यांचा लगदा झाला. रेघ खोटी नव्हती. त्या रेघेच्या वर पाणी येणारच नाही, हे मात्र मी माझ्या पदरचं घातलेलं होतं.

थांबा, 2019 चा महापूर तापमानवाढीने आला असं मी म्हणत नाहीये. पश्चिमेला धरणक्षेत्रात अतोनात पाऊस, धरणांतून सोडलेलं पाणी, नाल्यांवर आणि पूररेषेत उभी राहिलेली बांधकामं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद, असं सगळं त्यात आहे. हल्ली काहीही झालं की 'हवामान बदल' म्हणून हात वर करायची एक सोयीस्कर पद्धत पडली आहे, तिचा मला तुमच्याइतकाच राग येतो. पूररेषेत इमारतीला परवानगी मिळते ती माणसाच्या सहीने, त्यात हवेचा काही दोष नाही. पण तापमानवाढीचा भाग कुठे येतो तेही सांगायला हवं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे जेव्हा कोसळतं तेव्हा जास्त कोसळायची तयारी होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासकांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात जवळजवळ तिप्पट झाल्या. पुणं म्हणजे काही गोऱ्यांचा देश नव्हे.

आता शंभर रुपयांतले चार पैसे.

दादा, तुम्ही बागेत जीए, म्हणजे ते जिबरेलिक ॲसिड नावाचं वाढीचं संजीवक, किती घेता? शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम टाकलं की झालं 10 पीपीएम. घड लांबवायला दहा-पंधरा, मणी फुगवायला डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवताना, चाळीसपर्यंत. म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दहा ते चाळीस भाग औषध. तेवढ्याने घडाचं रूप पालटतं, आणि ग्रॅमभर जास्त पडलं तर काय होतं हे तुम्ही मला शिकवावं. तिथे तुम्ही कधी म्हणालात का, की शंभर रुपयांत एवढा अर्धा पैसा, त्याने काय होणार? हवेतला कार्बन डायऑक्साइड आज 420 पीपीएमच्या वर गेलाय. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी तो 280 च्या आसपास होता. म्हणजे तुमच्या डिपिंगच्या दहापट आकडा, आणि तोही दीडपट करून ठेवलेला.

नुसतं थोडं औषध पुरतं एवढ्याने सिद्ध काही होत नाही, हे मला ठाऊक आहे; मिठाचे चार खडे टाकून मणी फुगत नाही. जीए चालतं कारण त्या रेणूला वेलीत काम आहे. तसंच इथेही. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे जवळजवळ सगळी हवा, जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवत नाही. अडवते ती वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि असे दोन-चार वायू. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईने 1856 मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते असं तिला दिसलं. 1859 मध्ये जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये हेच जास्त काटेकोर मोजमापाने केलं. 1896 मध्ये, म्हणजे मुंबईत प्लेग शिरला त्या वर्षी, स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी कागद-पेन्सिलीने गणित मांडलं की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी काही अंशांनी तापेल. तेव्हा ना संयुक्त राष्ट्रसंघ होता, ना पर्यावरणाच्या नावाने अनुदानं. आपला आयर्विन पूलसुद्धा नव्हता, तो 1929 चा. त्यामुळे 'पैशासाठी उठवलेली आवई' असं जे काही लोक म्हणतात ते निदान त्या तिघांना लागू पडत नाही.

वाढलेला कार्बन माणसाचाच कशावरून? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरा कळीचा तोच आहे, आणि तुमच्या पाचटाचा निकालही त्यातच लागतो. म्हणून इथे जरा रेंगाळते.

सोसायटीचा हिशेब बघावा तसं बघा. जगात दरसाल किती कोळसा, तेल, वायू विकला गेला याच्या नोंदी असतात. त्यातून सुमारे 37 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेत दरसाल किती वाढतो तेही मोजलेलं असतं. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून हे मोजमाप चालू आहे, तेव्हा आकडा 315 च्या जवळ होता. आता गंमत अशी की आपण जेवढा सोडतो त्याच्या साधारण निम्माच हवेत वाढलेला दिसतो. उरलेला समुद्र आणि झाडं-माती गिळतात. म्हणजे निसर्ग या खात्यात भर घालत नाहीये, उलट आपण टाकलेल्यातून उचलतोय. मग जमा वाढतेय ती कोणाची? ज्वालामुखींचं म्हणाल तर जगातले सगळे मिळून जे सोडतात ते माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतं. (आपला दंडोबाचा डोंगर ज्या काळ्या दगडाचा आहे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. त्या काळच्या लाव्ह्याने हवामान हलवलं होतंच. पण निसर्गाने सोडलेला वायू पृथ्वी हलवू शकतो, तर माणसाने सोडलेला का नाही?)

याच्यावर दुसरा पुरावाही आहे. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून राहिलेल्या कोळशा-तेलातला कार्बन ओळखू येतो. त्यातला किरणोत्सारी भाग केव्हाच संपून गेलेला असतो आणि हलक्या-जड कार्बनचं प्रमाणही वेगळं असतं. हवेतल्या कार्बनची घडण गेल्या शतकात त्याच दिशेने सरकत आली आहे. विडीचं थोटूक ते हेच.

आता पाचट. ऐका, इथे तुमची नात चुकली आहे, निदान निम्मी. उसाने तो कार्बन गेल्या वर्षा-दीड वर्षात हवेतूनच ओढून घेतला होता. तुम्ही पेटवलात, तो परत गेला. पुढच्या वर्षी खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस, तो पुन्हा ओढेल. हे चालू खातं झालं, आत-बाहेर. कोळसा म्हणजे आजोबा-पणजोबांच्याही आधी पुरलेला हंडा, तो उकरून बाजारात ओतला की बाजारातला पैसा कायमचा वाढतो. पाचटाच्या धुरात कार्बन डायऑक्साइडखेरीज दुसरेही वायू आणि काजळी असते, त्यामुळे तुम्ही अगदीच सुटलात असं नाही. पण पृथ्वीच्या तापात तुमच्या एकरभर पाचटाचा वाटा तिला वाटतो तेवढा नाही, हे तिला जरूर सांगा. आणि हे सांगून झाल्यावर पाचट पेटवणं बंद करा. ते तुमच्या रानासाठी. सेंद्रिय कर्ब घटलाय म्हणून माती परीक्षणाचे कागद घेऊन हळहळायचं आणि तोच कर्ब काडी लावून उडवायचा, हे तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही. सरीत आच्छादन करा, नाहीतर कुट्टी करून घ्या, खोडव्याला पाणीही कमी लागेल. शेजारपाजारच्या बागायतदारांना विचारा, करणारे पुष्कळ आहेत.

सूर्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढचा मेसेज तोच येणार आहे, म्हणून थोडक्यात. 1978 च्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची शक्ती मोजतायत, आणि तिच्यात वाढीचा कल नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर हवेचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापली आणि फार वरचा थर गार झाला. वाकळ जाड झाली की आतलं अंग तापतं आणि वाकळीबाहेर ऊब कमी पोचते, तसं काहीसं. हे असं होईल हे स्युकुरो मनाबे यांनी 1967 मध्येच गणिताने दाखवलं होतं, त्या कामासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. आधी सांगितलं आणि मग तसंच झालं, याला मी किंमत देते. तुम्हीही द्याल.

'उद्याचा पाऊस सांगता येत नाही' याचं उत्तर तर तुमच्या बेदाण्याच्या शेडमध्येच आहे. मार्चच्या 12 तारखेला दुपारी ढग येईल का, हे तुम्हाला सांगता येणार नाही. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रॅकवर टाकलेला माल पंधरा दिवसांच्या आसपास वाळतो आणि जुलैत टाकला तर कुजेल, यावर तुम्ही लाखो रुपये लावता. पहिलं झालं हवेचं, दुसरं झालं हवामानाचं.

हिमालयाबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. 2007 च्या हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय अहवालात 2035 पर्यंत हिमनद्या नाहीशा होतील असं खरंच छापलं गेलं होतं, त्याला धड आधार नव्हता, आणि 2010 मध्ये चूक कबूल करावी लागली. लाजिरवाणी चूक. हजारभर पानांच्या ग्रंथातली ती एक चूक होती आणि हिमनद्या आक्रसतायत हे त्याने खोटं ठरत नाही, तरी आपल्या बाजूची चूक झाकायची नसते. (आपली कृष्णा तशीही बर्फावर चालत नाही, महाबळेश्वरच्या पावसावर चालते.) आणि शंका घेणाऱ्यांतलाही एक माणूस तुम्हाला सांगते. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना वाटायचं की तापमानाची ठाणी शहरांच्या सिमेंटात अडकल्यामुळे आकडे फुगलेत. त्यांनी सगळी आकडेमोड नव्याने केली. त्या कामाला पैसे देणाऱ्यांत तेलाच्या धंद्यातल्या धनिकाची संस्थाही होती. 2012 मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे. शंका घ्यावी तर अशी, हिशेब स्वतः करून.

आता तुमचा राग. तो खरा आहे, आणि तुमच्या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत वजनदार वाक्य तेच होतं. आजवर हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा साधारण पाव आहे. भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास, आणि माणसं आपण त्यांच्या चौपटीहून जास्त. आजही दरडोई हिशेब काढला तर भारतीय माणूस वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकन चौदाच्या आसपास. त्यातही तुमच्या वाडीतला माणूस आणि पुण्यातला दोन गाड्या, तीन एसींवाला यांत फरक आहेच. तेव्हा चौदा वर्षांच्या पोरीने बांधावर उभं राहून आजोबांना आरोपी ठरवलं, हे तुम्हाला लागलं, ते लागायलाच हवं होतं.

पण त्या रात्री तुम्ही काय केलंत बघा. 'हे आमच्यामुळे झालेलं नाही' असं म्हणायचं होतं, त्याऐवजी 'हे झालेलंच नाही' असं म्हणालात. पहिलं म्हणणं तुम्ही जगातल्या कुठल्याही परिषदेत मांडू शकता, आपले सरकारी अधिकारी दरवर्षी मांडतातही. दुसऱ्याने तुम्ही आपलाच दावा घालवून बसता. गंजी पेटलीच नाही म्हणणाऱ्याला भरपाई कोण देणार?

आणखी एक. तुम्हाला वाटतं की तापमानवाढ हा परदेशातून आपल्या गळ्यात मारलेला माल आहे. मला दिसतं ते उलटं. अमेरिकेतल्या एका बड्या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीला आतल्या आत सांगून ठेवलं होतं की आपलं तेल जाळल्याने पृथ्वी तापणार. किती तापेल याचे त्यांचे अंदाजही पुढे बऱ्यापैकी खरे ठरले. बाहेर मात्र वर्षानुवर्षं 'अजून नक्की नाही, शंका आहे' असंच सांगितलं गेलं. त्या शंका पुष्कळ खर्च करून पिकवल्या गेल्या आणि भाषांतरं होत होत तुमच्या मोबाइलवर 'पुढे पाठवा' म्हणून आल्या. दादा, गोऱ्यांचा माल म्हणून फेकायचाच असेल तर आधी तो फेका.

आता पोरीचं. मुलगा म्हणतो माफी मागा. मताबद्दल माफी मागायची गरज नाही, आणि मागितलीत तर ती तिला खोटी वाटेल. त्या वयाच्या मुलांना खोटं लगेच कळतं. माफी मागायची ती शाळेला खोटारडी म्हटल्याबद्दल. ज्या बाईंनी तिला हे शिकवलं त्या तिच्या आवडत्या असतील. मी तीस वर्षं त्या जागेवर उभी होते, म्हणून सांगते : मूल घरी जाऊन एखादी गोष्ट हिरिरीने सांगतं ना, तेव्हा ती त्याला नुसती कळलेली नसते, लागलेली असते. ही मुलं या गोष्टीला घाबरतात. आपल्याला 2050 म्हणजे आकडा आहे. ती तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. तिने तुमच्यावर बोट दाखवलं कारण तिच्या हाताशी तुम्हीच होतात. तेल कंपनी थोडीच बांधावर उभी होती? व्हिडिओ ग्रुपवर टाकायला नको होता, हेही तिला शांतपणे सांगा. सगळे हसले ते तुम्हाला लागलं हे तिला माहीतच नसेल.

मग तिला एक काम द्या. द्राक्षवाल्याच्या घरी डायऱ्या असतातच. छाटणीची तारीख, फवारण्या, पाऊस कधी झाला, डावणी रोग कधी दिसला, ढगाळ हवेने घड कोणत्या साली जिरले. तुमच्याकडे किती वर्षांच्या असतील, वीस, पंचवीस? त्या तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "तू आणि मी मिळून बघू." तुमचं अक्षर तिला लागणार नाही, तुम्हाला वाचून दाखवावं लागेल, आणि त्यातच चार संध्याकाळी जातील. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस किती दिवस हटला नव्हता, ते तुमच्या हातचं लिहिलेलं तिला दिसेल. एका बागेच्या डायरीवरून पृथ्वीचा निकाल लागत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. नाहीतर दोन आकडे बघून ती नाचेल, नाहीतर तुम्ही. आपल्या देशाचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशाने वाढलं, जगापेक्षा कमी; धूर-धुळीचं आच्छादन आणि पाटपाण्याचा ओलावा यांनी काही उष्णता झाकली असं अभ्यासक मानतात. म्हणजे तुमच्या उसाच्या पट्ट्यात दुपारचे आकडे फारसे हललेले नसले तर बुचकळ्यात पडू नका. रात्रीचं किमान तापमान आणि पावसाचे दिवस बघा, तिथे काही दिसलं तर दिसेल. नाही दिसलं तर 'नाही दिसलं' असं लिहायला तिला शिकवा. शाळेत मला ते मुलांना शिकवता आलं नाही, प्रयोगवहीत सगळ्यांची उत्तरं बरोबरच यायची.

डबा ती विसरली की ठेवून गेली, हे मला सांगता येणार नाही. पण तुमच्या घरून पुण्याला जाणारं कोणी ना कोणी आठवड्याला असतंच. त्याच्या हाती तो पाठवून द्या, सोबत एक जुनी डायरी ठेवा, चिठ्ठी दोन ओळींची पुरे. आणि जीएच्या हिशेबात मी कुठे चुकले असेन तर उलट टपाली कळवा. माझ्या अंगणात एकच वेल आहे, आणि तीही माणिक चमन जातीची की साधी हे नर्सरीवाल्यालाच माहीत.

— तुमची ताई, गावभाग, सांगली